तुझ्या उंचीची बटणं

प्रिय भिंगरी,

फोनवर तू जिंकतेस, म्हणून हे पत्र. तू बोलायला लागलीस की मला आपलं 'हो गं, बरं गं' एवढंच सुचतं. शिवाय बाबा शेजारीच बसलेले असतात, त्यांच्याविषयी त्यांच्यादेखत काय बोलणार? आज ते पलीकडे शिंपीणबाईंकडे जाऊन बसलेत. मशीनची घरघर इकडे ऐकू येतेय आणि मधूनच त्यांचा खोकला, म्हणजे सगळं ठीक आहे. भिंतीला कान असतात म्हणतात, आपल्या इथल्या भिंतींना तर तोंडही आहे. तेवढ्यात लिहून घेते.

तुझं म्हणणं सरळ आहे. तुझ्या इमारतीतला एक फ्लॅट रिकामा झालाय, इथलं घर घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे आणि महिनाअखेर आम्ही काय ते सांगायचं. तू चुकतेस असं मी म्हणत नाही. पोटची पोर आईबापाला जवळ बोलावते, याहून जास्त कुणाला काय हवं असतं? शिंपीणबाईंना सांगितलं तर त्यांचे डोळेच भरून आले. मग पदराला नाक पुसत त्यांनी विचारलं, घर घेणारी माणसं फार आवाज करणारी नाहीत ना. त्यांचंही बरोबर आहे, आमचं भांडण त्यांनी इतकी वर्षं ऐकून घेतलं, आता नव्या भांडणाची सवय कोण करणार.

इथलं म्हणशील तर फारसं काही बदललं नाही. बस आता थेट पाण्याच्या टाकीपर्यंत येते, पण शेवटचा थांबा तो शेवटचाच. संध्याकाळी माणसं उतरतात ती पिळून काढलेल्या कपड्यांसारखी. बाग होणार होती तिथे गाड्या उभ्या राहतात. दारं अजून सगळी त्याच तपकिरी रंगाची, कंत्राटदाराने एकदम घाऊक घेतलेला रंग होता तो, संपता संपला नाही. कॉलेजात असताना मैत्रिणी सोबत असल्या की तू एक थांबा आधी उतरायचीस आणि त्या गेल्या की चालत यायचीस. मला माहीत होतं गं. वाईट नाही वाटलं. स्वस्तातलं घर म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि त्या वयात लोकांचं नाकच सगळ्यात मोठं दिसतं.

पण बटणांची गोष्ट तरी तुला आठवते का? तू अगदी लहान होतीस, ऐकूनच माहीत असेल. ही घरं बांधली जात होती तेव्हा बाबा त्याच कंत्राटदाराकडे वायरमन होते आणि त्यातलंच पहिलं घर आपण घेतलं होतं. तू अंधाराला अशी भ्यायचीस की दिवा लागल्याशिवाय उंबरठा ओलांडायची नाहीस. मग बाबांनी काय करावं? तुला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला लावला आणि तुझी बोटं पोचली तिथे पेन्सिलीने खूण करून बटणांचा बोर्ड बसवला. इथवर ठीक. दुसऱ्या दिवशी मुकादम आला, पहिलं घर बघितलं, आणि बाकीच्या वायरमनांना हुकूम सोडला की याच मापाने सगळीकडे खोदा. बाबा सामान आणायला गेले होते. परत आले तोवर अख्ख्या रांगेच्या भिंती तुझ्या मापाने फोडून झालेल्या. मुकादमाने कपाळावर हात मारला, बाबांना चार शिव्या घातल्या, पण एवढ्या भिंती पुन्हा कोण फोडणार? राहिलं तसंच. पुढच्या रांगा झाल्या त्याही तशाच, कारण तोवर तेच माप ठरून गेलं होतं.

आजही नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी विचारतं, अहो, इथे काय बुटकी माणसं राहायची का? मग कुणीतरी हसत ती गोष्ट सांगतं. इथली धडधाकट माणसं दिवा लावायला वाकतात ती तुझ्यामुळे, बाईसाहेब.

मागच्या वर्षी आम्ही तुझ्याकडे राहायला आलो होतो, त्यातलं एक तुला मी सांगितलं नाही. तू ऑफिसला गेली होतीस आणि मी अंघोळीला. बाहेर आले तर बाबा आतल्या खोलीत, पडदे ओढलेले, भिंतीवर खालच्या बाजूला हात फिरवत उभे. बटण वर होतं, त्यांच्या खांद्याशी. त्यांचा हात तिथे जातच नव्हता. भिंत चाचपून चाचपून ते रडकुंडीला आले होते. मला म्हणाले, मी बसवलेलं बटण कुणी काढून नेलं? मी दिवा लावला, त्यांना जवळ घेतलं आणि तुझ्यापुढे काही झालंच नाही असं वागले. तुझं घर सुंदर आहे गं. पण त्यांना ते सापडत नाही.

इथे उलटं आहे. आता त्यांना कधीकधी आपलं दार कोणतं ते कळत नाही. फिरायला जातात आणि कुणाच्याही घरात शिरतात. पण शिरले की हात बरोबर बटणावर पडतो, दिवा लागतो, डावीकडे स्वयंपाकघर, खिडकीशी खुर्ची. सगळी घरं सारखीच, त्यामुळे माणूस चुकला तरी घरीच असतो. आणि खुर्च्यांचं म्हणशील तर सुरुवातीला खिडकीशी खुर्ची फक्त आपल्याकडे होती. शिंपीणबाईंनी कपाट हलवून तिथे खुर्ची ठेवली. मग कोपऱ्यावरच्या बस ड्रायव्हरने ठेवली, मग समोरच्या नर्सबाईंनी. मी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर ड्रायव्हर म्हणतो, वहिनी, उगाच मोकळी जागा दिसत होती. खोटारडा मेला. त्याच्या घरात पाय ठेवायला जागा नाही.

बाबा बसतात, पाणी पितात, आणि प्रत्येक घरात एकच विचारतात, पोरगी आली का शाळेतून? पहिल्यांदा विचारलं ते शिंपीणबाईंकडे. मोठी झाली, लांब असते, असं त्यांनी खरं ते सांगितलं तर बाबा इतके घाबरे झाले की त्यांना सावरताना आम्हां दोघींची पुरेवाट झाली. तेव्हापासून सगळ्यांचं उत्तर ठरून गेलंय. निघालीय, वाटेत आहे. एवढं ऐकलं की ते निवांत होतात. उठताना मात्र दिवा चालूच ठेवायला सांगतात, आणि त्यांची पाठ वळली तरी कुणी तो लगेच घालवत नाही. विजेच्या नावाने माझ्याशी कटकट करणारा ड्रायव्हरसुद्धा नाही.

तर घर विकायचं नाही, गिऱ्हाइकाला तसं सांगून टाक. पण तेवढ्यासाठी एवढी पानं कशाला खरडली असती, ते एका वाक्यात फोनवर झालं असतं. परवा डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता विसरणं भरभर वाढत जाईल, आज जे विचारतात तेही पुढे विचारणार नाहीत. घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसले आणि संध्याकाळपर्यंत तुझं नाव निघालं नाही. मी वाट बघत बसले. भाजी निवडली, कपडे वाळत घातले, सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दिवेलागणीला एकदाचं विचारलं त्यांनी, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. म्हणून म्हणते, आम्हाला तिकडे नेऊ नकोस, तूच ये. चार दिवस ये, महिनाभर ये, जमेल तसं ये, पण ते विचारतायत तोवर ये. शेवटच्या थांब्यावर उतर, दार लोटून आत ये आणि वाकून दिवा लाव. बाई माझे, सगळी गल्ली रोज सांगतेय की तू वाटेत आहेस.

तुझीच, आणि सध्या जरा जास्तच त्यांची,
आई