काळा रंग मारलेला टायरॉड

बुधवार, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दिग्रस

स्टेअरिंगखालचा, चाकं वळवणारा दांडा, टायरॉड, समोर ठेवून लिहून राह्यली.

पोळ्याले मी चालवत असताना आमची जुनी एसयूव्ही रस्ता सोडून सोयाबीनमंधी घुसली. दीर सगळ्याइसमोर म्हणाला, "टायरॉड मी नवा टाकून आणला. वहिनीच्याच हातात झोल आहे." सासूबाईनं चावी त्याले देल्ली. तवापासून मी मास्तरीणबाई, शाळेत ऑटोनं.

आज तो एसटीनं नेरले गेलता, चावी खुंटीलेच होती. मी गाडी सलीमभाईच्या गॅरेजात नेली. त्यानं मले स्टेअरिंग डावी-उजवी फिरवाले लावलं, सोता खाली शिरला.

"ताई, झोल तुमच्या हातात नाही, याच्यात आहे. टायरॉड जुनाच हाय, वरून काळा रंग मारला."

नखानं खरवडलं. खाली गंज.

नवा टाकला. घरापर्यंत गाडी एकदम सरळ.

भांडू काय? नाही. भांडलं की तो हसण्यावारी नेते. उद्या पूजेले पाने-पेचकस मांडायचं काम माह्यंच. मधोमध हा जुना टायरॉडच ठेवीन, खरवडलेली बाजू वर. हळद-कुंकूही वाहीन. आरतीचं ताट दिराच्याच हातात देईन.

सासूबाई विचारतीनच, "हे काय व?"

"भाऊजीले विचारा. रंग त्याइनंच देल्ला."