शारजातल्या छपरावर वसईची ताडपत्री

गुरुवार, संध्याकाळ

आज चहात वाळू आली. मानवजातीवर याहून मोठा अन्याय झाल्याचं मला तरी आठवत नाही. बाकी, आमच्या गच्चीवरच्या खोलीचं छप्परही उडालं.

वसईत पावसाआधी घालतात तशी मी पत्र्यांवर ताडपत्री ताणून बांधली होती. वॉचमन रहीम म्हणाला होता, "साब, इधर बारिश नहीं, हवा आती है. स्क्रू कसो, ये मत बांधो." मी हसलो. दुपारी वादळ तिच्याखाली शिरलं, ती शिडासारखी फुगली आणि पत्रे घेऊन गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन पडली. माझी गाठ मात्र एकही सुटली नाही. कसला शहाणा मी!

घरमालकाने रहीमलाच धरलं. "छत क्यों नहीं देखा? कल से तुम खलास." रहीम खाली मान घालून उभा. माझं नाव त्याने घेतलं नाही. का नाही घेतलं?

माझी बायको ग्रेसी कानाशी पुटपुटली, "गप राहा. ही खोली गेली तर तुमच्या पगारात डोक्यावर काय घेणार, ताडपत्री?"

बरोबर बोलली. शारजात याहून स्वस्त काही उरलेलं नाही. त्या गाठी मी पुन्हा पाहिल्या. घट्ट.

मग मालकाच्या मागे जिना उतरलो आणि सांगितलं, ताडपत्री मी बांधली.

रहीमची नोकरी राहिली. आम्हाला खोली सोडायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.