दातांनी सोललेले शिंगाडे

उधवा, ता. तलासरी
२४ जुलै

प्रिय जतीन,

पत्र बघून आधी हसशील. मोबाइलच्या दिवसांत ही बाई कागद काळे करत बसलीय म्हणशील. पण तुझा फोन मार्चपासून मला लागत नाही. एक रिंग वाजते आणि कटतो, म्हणजे माझा नंबर कुठे टाकलाय ते कळायला मी काही दुधखुळी नाही. तो तू टाकलास की तुझ्या आईनं, ते विचारत नाही. आज गणू इथं आलाय, त्याच्याच हातून हे पाठवते. तुझ्याच बोटीवरचा माणूस आहे, तुझ्या हातात देईन म्हणालाय. वाटेत भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घालून देणार आहे. मधेच कुठेतरी तुला राग येईल, तेव्हा घोटभर पाणी पी आणि पुढं वाच, पण शेवटपर्यंत वाच. तुझ्या पोटाचं दुखणं कशाचं आहे ते मला सापडलंय, जतीन. आणि ते बरं होतं.

गणूनं तुझं सगळं सांगितलं. म्हणाला, वहिनी, तो अर्धा झालाय. सकाळी उठलास की तोंड सुजलेलं असतं म्हणे, पाय दाबला तर खड्डा पडतो, आणि भाताचे चार घास गेले की पोट धरून बसतोस. आठ दिवसांत मासेमारीची बंदी उठेल, सगळे जाळी शिवून तयार आहेत, आणि बोटीचा तांडेल म्हणतो यंदा जतीनला बोटीवर नको, समुद्रात काही झालं तर कोण निस्तरणार. तुला बोटीवरून उतरवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. बंदीचे दोन महिने घरात कसा फिरायचास, खुंट्याला बांधलेल्या बैलासारखा, ते मी दोन वर्षं बघितलंय.

माझं विचारशील तर मी ठीक आहे, खाते, पिते, हाल्यादादाच्या शेतात लावणीला जाते. खोटं कशाला बोलू, ठीक नाही. आगरला तुझ्या घरी होते तेव्हा नाक दाबून फिरायचे ना मी, बांबूवर बोंबील वाळत घातले की? तू चिडवायचास, शिंगाडेवाली मेमसाब आली म्हणून. आता बाजाराच्या दिवशी सुकटवाल्या बायकांच्या पुढ्यात जाऊन नुसती उभी राहते. घेत काही नाही. एक जण परवा खेकसली, घ्यायचं नाही तर वारा अडवू नको. मी म्हटलं, मावशी, वासच घेतेय, त्याला काय पैसे पडतात? तिला वाटलं मला दिवस गेलेत. हसूही आलं आणि तिथंच डोळे भरून आले. तुझी फार आठवण येते रे. लिहून टाकलं एकदाचं.

चार वर्षांपूर्वी ह्याच बाजारात तू टेम्पोतून पाट्या उतरवत होतास. तुझ्या आईच्या शेजारी माझी जागा होती, पुढ्यात उकडलेल्या शिंगाड्यांचा ढीग. तू विचारलंस, दगड उकडून विकतेस का? मी म्हटलं, कुजके मासे विकण्यापेक्षा बरं. तुझ्या आधी आईच हसली. तिलाच मी आधी आवडले होते, तुला नंतर, हे विसरू नको. मग तू माझ्या टोपलीतला, मी स्वतःसाठी ठेवलेला एक कच्चा उचललास आणि काटा बोटात घुसवून घेतलास. जन्म माशांच्या काट्यांत गेलेला गडी, आणि एका शिंगाड्यानं आई गं करून ओरडला! मी तो घेतला, दातांनी टर्रकन साल काढली आणि पांढरा गर तुझ्या तळहातावर ठेवला. तू म्हणालास, नारळाच्या मलईसारखा लागतो. त्या दिवसापासून तू उकडलेला शिंगाडा कधी खाल्ला नाहीस.

आमच्याकडे रीतच तशी. गिऱ्हाइकाला उकडलेले, आपल्या माणसाला कच्चे. कोवळे, दुधाळ असतात ते बाजारात जातच नाहीत, तळ्यावरच संपतात. पाहुणा आला की त्याला बांधावर बसवायचं आणि दातांनी सोलून एकेक हातावर द्यायचा. त्याला सुरी लावली तर आमची आजी रागवायची, परक्याला देतेस का म्हणून. मागल्या डिसेंबरात तू मला न्यायला आलास आणि आठ दिवस राहिलास, तेव्हा मी तेच केलं. हाल्यादादाच्या टायरच्या ट्यूबवर बसून तू शिंगाडे तोडायला गेलास. भर समुद्रात बोट सांभाळणारा तू कमरेएवढ्या पाण्यात तीनदा उलटलास, सुकीवहिनी हसून हसून बांधावर लोळली. दातांनी सोलायला मीच तुला शिकवलं. तुला जमेना म्हणून निम्मे मीच सोलून भरवले. तसे आठ दिवस मला पुन्हा मिळतील की नाही, देव जाणे.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूनं ऐक. जानेवारी सरला तशी तुझी पोटदुखी सुरू झाली. डहाणूच्या डॉक्टरनं जंताची गोळी दिली, काही फरक नाही. दुसरी दिली, तरी नाही. होळीपर्यंत तुझी पँट दोरीनं बांधावी लागत होती. शेजारपाजारच्या बायका कुजबुजायला लागल्या, आणि एक दिवस आई सगळ्यांसमोर बोलली, उधव्याला जाऊन आला तेव्हापासून पोर वाळतंय, ह्या पोरीनं त्याला काहीतरी खायला घातलंय. मला भुताळी, चेटकीण ठरवलं रे तिनं! पण तिचं सोड. म्हातारी घाबरली होती, एकुलता मुलगा डोळ्यांदेखत झिजत होता. मी तुझ्याकडे बघत होते. तू जाळं शिवत बसला होतास, आणि तुझ्या हातातली सुई थांबलीसुद्धा नाही. एवढंच म्हणायचं होतंस, आई, गप्प बस. दोन शब्द. ते आले नाहीत म्हणून मी पिशवी भरली. मला कोणी घालवलं नाही, मी आपल्या पायांनी निघाले, आणि बस सुटेपर्यंत खिडकीतून मागं बघत होते.

आता खरी गोष्ट. जून सरता सरता सुकीवहिनी भाताची रोपं काढताना चिखलातच कोसळली. अंग पांढरंफटक, पाय सुजलेले. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, आणि तिथल्या तपासणीच्या बाईंनी तिची शी मागितली. वहिनी लाजेनं मरायला टेकली, तिला दम देऊन मीच डबी भरून नेली. बाईंनी काचेतून बघितलं, पुन्हा बघितलं, डॉक्टरांना बोलावलं. मग विचारलं, तुमच्याकडे तळं आहे का? शिंगाडे खाता का? कच्चे? सोलता कशानं? मी म्हटलं, दातांनी, आणखी कशानं. तर त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या घराला डब्या वाटल्या. वहिनीला जंत निघाला, हाल्यादादाला निघाला, आणि मलाही. माझंही पोट दुखायचं रे, होळीच्याही आधीपासून. मी बोलले नाही, घरात एक आजारी पुरे म्हणून.

तो जंत तू गांडुळासारखा समजू नको. गोळ्या घेतल्यावर पडला तेव्हा मी डोळ्यांनी बघितला. चपटा, मांसाच्या रंगाचा, जाडसर पानासारखा, माझ्या अंगठ्यापेक्षा लांब. शी वाटली ना? मलाही वाटली, दोन दिवस जेवले नाही. डॉक्टरांनी समजावलं ते असं. माणसाच्या नाहीतर डुकराच्या घाणीतून त्याची अंडी तळ्यात जातात, पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, आणि मग शिंगाड्याच्या सालीला चिकटून बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. साल दातांत धरली की गेले पोटात. उकळलं की मरतात. मागल्या वर्षापासून तळ्याच्या वरच्या अंगाला एकानं डुकरं बांधलीत, पावसात सगळं वाहून तळ्यात येतं. आणि आमचे लोक तरी कुठं जातात, त्याच बांधामागं. म्हणजे बाजारात उकडलेले घेणाऱ्या गिऱ्हाइकाला काही झालं नाही, आणि जिवाच्या माणसांना आम्ही हौसेनं रोग भरवला.

दवाखान्यातून परत येताना मी रिक्षात रडले, आणि वहिनीला वाटलं मी तिच्यासाठी रडतेय. चार महिने मी आईला शिव्या घातल्या, मनातल्या मनात आणि कधी चुलीपुढे मोठ्यानंसुद्धा. अंगारे-धुपारे नव्हते, करणी नव्हती, देवाशपथ नव्हती. पण तुझी आई खोटं बोलली नव्हती, जतीन. खायला मीच घातलं. माझ्याच हातानं, माझ्याच दातांनी. हे तुला कळवावं की नको, ह्यावर मी पंधरा दिवस घालवले, आणि त्याची मला लाज वाटते. भीती एवढीच होती की आई हे वाचेल आणि सगळ्या आगरला सांगेल, बघा, स्वतःच कबूल झाली. सांगू दे. तू मला माफ कर, नाहीतर करू नको, पण मला ठाऊक नव्हतं रे.

आता काय करायचं ते नीट ऐक. ह्याच्या गोळ्या वेगळ्या असतात. शाळेत वाटतात ती जंताची गोळी ह्याला लागू पडत नाही, म्हणूनच तुला दोनदा घेऊनही गुण आला नाही. डहाणूला सरकारी दवाखान्यात जा, तिथं कच्च्या शिंगाड्यांचं नाव घे, शी तपासा म्हणून सांग. लाजू नको, खाताना लाजला नव्हतास. माझ्या केसपेपरची झेरॉक्स ह्याच पिशवीत आहे, ती दाखव, म्हणजे त्यांना कळेल कुठल्या गोळ्या. वजन करून देतात, एका दिवसाचं काम. चक्कर येईल, मळमळेल, तेवढं सोस. सूज उतरायला आणि रक्त भरायला महिनाभर लागेल. मला माझ्या पायांतलं बळ परत आलेलं कळतंय, तुलाही येईल.

हे सगळं आजच का लिहायला बसले, ते राहिलं. गणू इकडे सहज आला नाही. आईनं त्याच्याबरोबर काडीमोडीचा कागद पाठवलाय. भगतानं सांगितलं म्हणे, उधव्याच्या बाईशी नातं तुटल्याशिवाय पोराची सुटका नाही. खाली तुझी सही आहे. तुझीच आहे, ओळखली मी, पण अक्षर इतकं थरथरलंय की मला आधी तुझी तब्येत दिसली आणि मग कळलं कागद कशाचा आहे. गणू जेवून ओटीवर लवंडलाय, त्याला वाटतंय मी आत चिठ्ठीबरोबर सहीही करतेय. जतीन, माझ्या सहीनं तू बरा होणार असतास तर मी एक नाही, दहा कागदांवर केली असती. पण मी सही केली की तुम्ही सगळे त्या सहीचा गुण येण्याची वाट बघत बसाल आणि दवाखान्यात कोणी जाणार नाही. म्हणून नाही केली. कागद माझ्याजवळ आहे, गणूच्या हाती देणार नाही. आधी गोळ्या घे, दोन वेळ नीट जेव, आणि बस चढण्याइतकी ताकद आली की तू स्वतः ये. तेव्हाही तुला कागदच हवा असेल तर तुझ्यासमोर सही करीन, एक शब्द बोलणार नाही. आणि मी हवी असेन, तर माझी पिशवी भरायला मला पाच मिनिटं लागतात.

अजून तुझीच,
रूपी