विहीर सरकली

मंगळवार, संध्याकाळ. डहाणू.

दुपारी सायवनहून रमीबाईचा फोन आला. रस्त्याच्या मोजणीवाल्यांनी तिच्या घरातून चुन्याची रेघ मारलीय. "मॅडम, रस्ता विहिरीच्या पल्याड जाणार, तुम्हीच बोलल्या होत्या ना?"

हो, मीच बोलले होते. रस्त्याचा नकाशाही मीच कॉम्प्युटरवर केलेला. खाली उपग्रहाचं चित्र, वर जुना गावनकाशा. दोन्ही लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले. आत्ता वरचा लेयर पुसट करून पाहिलं. चित्रातली खरी विहीर एकीकडे, गावनकाशातली तिच्यापासून चांगली चाळीस पावलं लांब. आणि मी रस्ता आखला तो गावनकाशातल्या विहिरीपलीकडून. म्हणजे थेट रमीबाईच्या चुलीवरून.

मी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं की! पण कुठे? इथे डहाणूत, आमच्याच घराच्या छपरावर. तिथे दोन्ही लेयर जुळले, म्हणून सायवनलाही जुळलं असं धरून चालले.

उद्या सकाळी बुलडोझर येणार. हे काम देणाऱ्या साहेबांना चूक सांगितली तर माझं कंत्राट संपलंच. तीनदा नंबर काढला, तीनदा फोन खाली ठेवला. समोर स्क्रीनवर आमचं छप्पर रेषेत कसं नीट बसलंय. बघवत नाही त्याच्याकडे.

लावलाय साहेबांना फोन. रिंग जातेय.