मॅटवरची ओली पावलं

ती. दादा, लांबूनच पाया पडतो.

मी मजेत आहे. देशोदेशीच्या खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धेत कराटेची मॅट पुसायचं काम लागलंय. कुणी बूट घालून चढलं की मुकादम आपल्या आईसारखाच ओरडतो.

काल एका मुलीने काता केला. तू करायचास तसाच, समोर कुणी नसताना एकटीने लढायचं. पुसायला गेलो तर तिच्या पावलांसमोर आणखी दोन ओली पावलं, तिच्याकडे तोंड करून. डाव्याला करंगळी नव्हती, तुझ्यासारखीच.

मुकादम म्हणाला, "घाम आहे रे, पूस."

पुसली. पुढच्या कातानंतर पुन्हा तीच.

तुझा ताप उतरला असेलच. आई लिहिते म्हणाली तरी उत्तर तुझ्याच हाताने लिही.

तुझा पायाला भिंगरी लागलेला
धाकटा