सर्वपित्रीच्या दिवशी खरेदी

बसवनगुडी, बेंगळूर
नोव्हेंबर १९९७

ती. नागनाथमामा,

अवधूतचा बेंगळूरहून वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींनी पाठवलेलं मेतकूट पोचलं आणि संपलंही. इथे थंडी पडली आहे, म्हणजे लोक कानाला मफलर गुंडाळून फिरतात. पुण्यात याच हवेत आम्ही पंखा लावत असू. भार्गवी बरी आहे. आप्पाजीही बरे आहेत. पण आपण बरे नाही असं त्यांना वाटतं, आणि त्याला कारण मी आहे. हकिगत लांब आहे. चहा घेऊन बसा.

तुम्ही हे लग्न जमवलंत तेव्हा म्हणाला होतात की सासरा निपाणीकडचा, सरळ माणूस आहे, फक्त बोलत नाही. दोन्ही खरं निघालं. आम्ही त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो (भाडं घेत नाहीत, त्यामुळे भांडायलाही विषय नाही), आणि दीड वर्षात आमच्यात झालेलं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावेल. ‘पाणी आलं का?’ ‘आलं.’ ‘भरपूर?’ ‘स्वल्प.’ ‘सरी.’ (कानडीत ‘बरं’.) एवढ्यावर मी जिना चढायचो. भार्गवी म्हणायची, ‘तुम्ही दोघं एकमेकांना पाहुण्यासारखे का वागता? काहीतरी एक काम मिळून करा.’ सगळं नुकसान या एका वाक्यातून झालं. तरी तिला दोष देत नाही. ती हे पत्र वाचण्याची शक्यता आहे.

आता आप्पाजींचं काम. इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार माल तपासला. सुटा भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पास, नाही बसला तर परत. तिथे त्यांचा एक नियम होता आणि घरातही तोच आहे: हात आणि गेज यांचं पटलं नाही, तर हात चुकला असं समजायचं. निवृत्तीनंतर ते शेअर घेऊ लागले. थोडेच, आणि ज्या कंपनीचा माल एकदा तरी हातात धरला आहे तिचेच. बेअरिंग, पंप, गिअर. (माझ्या सॉफ्टवेअर कंपनीचे शेअर घ्या म्हटलं तर म्हणाले, ‘तुमचा माल हातात कसा धरायचा, जावईबापू?’) रोज सकाळी शिवकुमार दलालाच्या ऑफिसात जायचं, भावांच्या पडद्यासमोरच्या बाकावर बसायचं, आणि महिन्यातून एखाद्या वेळी खरेदी सांगायला तोंड उघडायचं. त्यालाही अटी दोन. अमावास्या नसावी आणि राहुकाळ नसावा. राहुकाळाच्या त्या दीड तासात इथे रिक्षावालाही नवी रिक्षा बाहेर काढत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर त्यांनी कुठल्याशा पेपरात वाचलं की शहाण्या माणसाने आपल्या व्यवहारांची रोजनिशी ठेवावी. कधी घेतलं, का घेतलं, पुढे काय शिकलो. त्यांच्याकडे दलालाने दिलेले खरेदीचे कागद होते, तारेला टोचून ठेवलेले. मी म्हटलं, हे सगळं कॉम्प्युटरवर करू. शिवकुमारने वर्षाचे व्यवहार एका फ्लॉपीत भरून दिले. मी ती फाइल आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ओतली, तक्ता तयार केला आणि प्रत्येक व्यवहारापुढे ‘का घेतलं’ याचा रकाना ठेवला. आप्पाजींनी कारणं तोंडी सांगितली. ‘बेअरिंग गरम होत नाही.’ ‘पंपाला आवाज नाही.’ एका कंपनीपुढे नुसतं ‘मालक भला माणूस’. हे लिहून घेताना पहिल्यांदाच ते सलग अर्धा तास बोलले. मला हुरूप आला. हुरूप आलेल्या माणसाने खरं तर घरी जावं. मी मात्र पंचांग समोर ठेवून वर्षाच्या सगळ्या अमावास्या आणि वारांप्रमाणे राहुकाळ कॉम्प्युटरला शिकवले. हेतू एवढाच की कागदावर छापून यावं: आप्पाजींनी वर्षभरात एकही नियम मोडला नाही. त्यांना बरं वाटेल. छापून घेतलं आणि, वाचून न बघता, कौतुकाने त्यांच्या हातात दिलं. जुने कागद आता कशाला, असंही म्हणालो. भार्गवीने त्याच रविवारी रद्दी काढली.

आप्पाजींनी चष्मा लावला. ओळीवरून ओळ बोटाने तपासली. मग कागद माझ्याकडे वळवला. वर्षभरात सहा वेळा नियम मोडला होता. सगळ्यांत वाईट पंपाच्या कंपनीचा व्यवहार: एक ऑक्टोबर, बुधवार, दुपारी बारा चाळीस. म्हणजे सर्वपित्री अमावास्या, आणि वर बुधवारचा राहुकाळ. मामा, एका फटक्यात दोन्ही. नास्तिक माणसाला ठरवूनही हे जमलं नसतं.

‘मला हे आठवत नाही,’ आप्पाजी म्हणाले.

मी म्हटलं, होतं असं कधी कधी.

यापेक्षा मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. मला खरोखर वाटलं की एखाद्या दिवशी त्यांचा नियम ढिला पडला असेल. मला ठाऊक नव्हतं ते भार्गवीने रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ भीमसेनकाका शेवटी शेवटी स्वतःच्याच फाटकाशी उभे राहून विचारायचे, ‘हे घर कुणाचं हो?’ आप्पाजी त्यांना हाताला धरून आत न्यायचे. त्याची सुरुवात अशीच झाली होती, एक साधा व्यवहार न आठवण्यापासून.

दुसऱ्या दिवशी आप्पाजी दलालाकडे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कपाटाच्या किल्ल्या भार्गवीच्या हातात दिल्या. ‘असू दे की तुझ्याकडं.’ फोनच्या डायरीत पहिल्या पानावर स्वतःच्याच घराचा पत्ता लिहून ठेवला. गांधी बझारला फुलं आणायला ते एकटे जायचे, तेही बंद केलं. अंबुबाई भांडी घासून निघाली की तिच्या मागोमाग जायचे आणि तिचं पुढच्या घरचं काम होईपर्यंत फुलवाल्याकडे थांबायचे. तिने मला जिन्यात गाठून विचारलं, ‘आप्पाजींना काय झालंय हो? माझ्या मागनं येतात आणि बोलत तर काही नाहीत.’

आठवड्याने मी तो कागद पुन्हा काढला. एक खरेदी नऊ मार्चची होती. तारखेखाली वार छापला होता: रविवार. रविवारी बाजार बंद असतो, मामा. खाली पाहिलं तर एक व्यवहार तीन डिसेंबरचा, म्हणजे अजून व्हायचा. माणसाची स्मरणशक्ती गेली तर मागची जाते. पुढची कशी जाईल? मग उजेड पडला. आमचा कॉम्प्युटर अमेरिकन वळणाचा. तो महिना आधी वाचतो आणि दिवस नंतर. शिवकुमारने दिलं होतं दहा एक, म्हणजे दहा जानेवारी. याने वाचलं एक ऑक्टोबर. महिन्याच्या बारा तारखेपर्यंतचे सगळे व्यवहार असे उलटले. तेरापासून पुढचे सरळ राहिले, कारण तेरावा महिना त्याला कुठे सापडेना. दहा जानेवारीला शुक्रवार होता. अमावास्या आदल्या दिवशी संपलेली. शुक्रवारचा राहुकाळ बारा वाजता संपतो. म्हणजे तो माणूस दलालाच्या बाकावर घड्याळाकडे बघत बसला असेल, बारा वाजून गेल्यावरही आणखी चाळीस मिनिटं थांबला असेल, आणि मग बोलला असेल. इतक्या सांभाळून केलेल्या खरेदीला मी सर्वपित्रीच्या राहुकाळात नेऊन बसवलं.

मी धावत खाली गेलो आणि सगळं सांगितलं. आप्पाजींनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला (दीड वर्षात प्रथमच). म्हणाले, ‘तुम्ही चांगले आहात, जावईबापू. माझं मन राखायला एवढं करू नका.’ मी दुरुस्त केलेला कागद छापून आणला. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले. ‘यंत्र काल एक मोजत होतं, आज दुसरं. मधे तुमचा हात लागला.’ म्हणजे गेज बरोबर आणि हात चुकला. त्यात हात माझा. शिवकुमारकडून नकला आणतो म्हटलं तर म्हणाले, ‘तो तुमच्या वयाचा आहे. तुम्ही सांगाल ते छापून देईल.’ मूळ कागद तर रद्दीत गेलेले. मी शेवटचा मुद्दा काढला: सर्वपित्रीला दुपारी तुम्ही घरात पानावर होता, आप्पाजी! ते म्हणाले, ‘पान आठवतं. वडे आठवतात. मधेच उठून फोन केला असेन, तो आठवत नाही. तेच तर म्हणतोय.’

दलालाकडे जाणं त्यांनी बंद केलं तेव्हापासून मी रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट खाली जातो. आम्ही कॉफी प्यायला गांधी बझारपर्यंत चालत जातो. वाटेत मी आडून आडून त्यांची परीक्षा घेतो. कारखान्यातल्या जुन्या माणसांची नावं, पहिल्या खोलीचा मालक, भार्गवीच्या जन्माच्या वेळचा पाऊस. बहुतेक आठवतं. क्वचित एखादं नाव अडतं. ते थांबतात, माझ्याकडे बघतात, आणि मी घाईने दुसरं नाव विचारतो. कृष्णात नावाचा एक फिटर होता, त्याचं आडनाव तीन दिवस सापडलं नाही. चौथ्या दिवशी सापडलं तेव्हा मी दोघांसाठी मसाला डोसा मागवला. धीर यावा म्हणून रोज एक लहानसं काम त्यांच्यावर सोपवतो. दूध, वाण्याची यादी, टपाल. पण दलालाच्या ऑफिसचं नाव काढलं की मान हलवतात. तो बाक रिकामा आहे. शिवकुमार त्यावर कुणाला बसू देत नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत चला.

तुमचा,
अवधूत

ता. क. – पत्र लिहिण्याचं कारण लिहायचं राहिलं. सर्वपित्रीला तुम्ही डोळे दाखवायला इथे आला होतात आणि पितरांच्या पानावर तुम्हालाच बसवलं होतं. बारा ते दोन तुम्ही आप्पाजींच्या समोर होतात. ते एकदाही उठले नाहीत आणि फोनला हात लावला नाही, एवढं दोन ओळींत त्यांना लिहा. तिथीच्या बाबतीत त्यांचा तुमच्यावर पंचांगाइतका विश्वास आहे, आणि तुमच्याकडे कॉम्प्युटर नाही.

आ. ता. क. – तिसऱ्या वाढपानंतर तुमचा पानावरच डोळा लागला होता, हे लिहू नये.

आ. आ. ता. क. – डिंक खालीच असतो. पाकीट आप्पाजी चिकटवतील आणि पेटीत टाकतील. आजचं काम त्यांना हेच दिलं आहे.

---

रा. रा. नागनाथराव यांस आप्पाजींचा नमस्कार. जागा उरली होती म्हणून लिहितो. पत्र उघडं होतं.

कागद हाती आला तेव्हा मी खरंच घाबरलो. दोन दिवस फार वाईट गेले. भीमसेनदादाचं फाटक डोळ्यांपुढून हलेना. तिसऱ्या दिवशी मलाही तो रविवार दिसला. तीस वर्षं माल तपासला आहे. बाजार रविवारी बंद असतो एवढं कळतं. खरेदीचे कागद मी रद्दीत जाऊ दिले नव्हते, ट्रंकेत ठेवले होते. तारीख न् तारीख लावून पाहिली. चूक कुठे आहे ते जावईबापूंच्या आधी चार दिवस मला कळलं.

सांगणारच होतो. पण त्याच संध्याकाळी ते खाली आले, चपला काढून बसले, आणि म्हणाले, ‘आप्पाजी, कॉफीला येता का?’ दीड वर्षं ते फाटकातून थेट जिन्याला लागत होते.

कृष्णात चौगुले. आडनाव पहिल्या दिवशीच आठवत होतं.

बाकावर परत जायचंच आहे, शिवकुमारला तसं सांगून ठेवलं आहे. तुम्ही लिहा, जरूर लिहा, पण संक्रांत होऊन जाऊ दे. तोवर गुडघे दुखतात म्हणून लिहिता आलं नाही असं म्हणता येईल. तुम्हाला झोप लागली नव्हती असं मीही सांगेन.