अकरा नंबरची सुई

१० मे १९७७, मंगळ.
आज कारखान्यात मास्तरांनी माझे तीन शर्ट सगळ्या बायकांसमोर फेकले. टाके सुटलेत, शिवणीला भोकं पडलीत. "तुजा हातच बिघडलाय." आठ वर्षं शिवतेय, हात आजच बरा बिघडला! मशीनला अठरा नंबरची जाड सुई आहे, टॉवेल शिवत होतो तेव्हापासूनची. आता शाळेचे टेरीकॉटचे शर्ट आलेत. त्याला बारीक, अकरा नंबरची लागते. हे सांगितलं तर म्हणे, अजून एक गठ्ठा परत आला की मशीन सोडायचं, खाली बसून धागे कापायचे.
धागे मी कापणार नाही.

११ मे, बुध.
कारखान्याचा नियम : तुटलेली सुई दाखवा, मगच नवी. बोथट झाली तरी चालवा. म्हणून बोथट सुई आम्हीच मोडतो, जाड शिवणीवर चाक जोरात फिरवून. शेजारच्या मशीनवरची लक्ष्मक्का म्हणाली, "मोड की गप, नवी घे." मोडली. मास्तरांनी डबीतून दिली ती परत अठराच.
"अकरा द्या."
"सुई ती सुईच की. लई शानपना नको."
तिडीक गेली मस्तकात.

१३ मे, शुक्र.
काल कामावरून येताना मंगळवार पेठेत थांबून स्वतःसाठी दोन सुया घेतल्या, अकराच्या. टोक नखावरून फिरवून बघितलं, कुठं अडकलं नाही. दुकानदार हसला. हसू दे.
आज जेवणाच्या सुट्टीत बसवली. मग अख्खा गठ्ठा शिवला. एक टाका सुटला नाही, एक भोक नाही. इतकी खूश झाले की डबा खायचा राहिला.

१४ मे, शनि.
पकडली. मास्तरांनी सुई उपटली, खिशात घातली, परत अठरा लावली. "कुनाला विचारून?" सोमवारी शेठ येणार आहेत. त्यांच्यापुढं 'माझ्या हातची चूक' म्हटलं तर मशीन राहील, नाहीतर खाली.
घरी सांगितलं. हे म्हणाले, "म्हन की एकदा. जीभ काय झिजती व्हय?"
झिजते.
भाकरी करपली त्या रागात. तीच वाढली.

१६ मे, सोम.
शेठ आले. मास्तर माझ्याकडं बघत उभे. मी उठले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी बसा. तुमचा हात चांगला हाय. अठरावरच शिवून दावा."
सगळी मशीनं थांबली. 
शेठसमोर नाही कसं म्हणणार? बसले. एक बाही शिवली. शेठनी ती खिडकीशी धरली, शिवण ताणली. भोकं मला लांबूनही दिसली.
शेठनी बाही मास्तरांच्या हातात दिली. "बघू," एवढंच, आणि गेले.
मास्तर बाही चुरगाळत म्हणाले, "उद्यापासून खाली बसायचं."
सुटताना लक्ष्मक्का जवळ आली. हळूच म्हणाली, "कुटल्या दुकानात मिळती गं ती?" सांगितलं. मागं आणखी दोघी ऐकत होत्या, त्यांनाही सांगितलं.
दुसरी सुई पदराच्या गाठीत आहे. उद्या लवकर जाऊन माझ्या मशीनवर बसणार. उठवायचं असेल तर हाताला धरून उठवावं लागेल, सगळ्यांच्या देखत.